शेकडा एक व्याज आणि अकरावीचा प्रश्न

नाशिकच्या पांडवलेणीतल्या दहा नंबरच्या लेण्यात एक ठेव कोरलेली आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणं खोदवून भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापणं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची गुंतवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही, व्याज तेवढं खर्चायचं. मोठ्या रकमेच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची.

आता हिशोब करून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. लेखातलं हे गोवर्धन म्हणजे गंगापूर धरणाच्या वाटेवरचं आजचं गोवर्धन गाव, असं अभ्यासक मानतात. नाशिककर तिथून रविवारी गाडी दामटत जातात, आणि आपण देशातल्या जुन्यात जुन्या व्याजाच्या व्यवहारांपैकी एकाच्या गावातून चाललोय याचा कुणाला पत्ता नसतो.

हा शिलालेख इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटच्या, म्हणजे आयबीच्या, शाळेतल्या आठवीच्या वर्गापुढे ठेवला तर काय होईल? मुलं व्याज काढतील. विणकरांकडे पैसे का ठेवले, त्या काळी बँकेचं काम कोण करायचं, हे शोधतील. गणित आणि समाजशास्त्राचे शिक्षक मिळून त्यावर एक छान प्रकल्प उभा करतील. आयबीच्या 'मिडल इयर्स प्रोग्राम'मध्ये, म्हणजे साधारण सहावी ते दहावीत, दोन विषय एकत्र शिकवणारं असं काम अपेक्षितच असतं. मुलं नकाशे काढतील, घरी येऊन आईला चक्रावून टाकतील. उत्तम काम.

तोच शिलालेख अकरावीत, 'डिप्लोमा प्रोग्राम'च्या वर्गात ठेवला की शिक्षक एवढंच विचारतात: हा पैसा भिक्षूंना खरंच मिळाला, हे कशावरून?

वर्ग गप्प होतो. दगडावर कोरलंय म्हणून? दगडावर तर देणाऱ्याने कोरलंय. घेणाऱ्याची पावती कुठेय? उषवदाताला आपलं दातृत्व जगाला दाखवायचं होतं, ते त्याने दाखवलं. व्याज किती वर्षं सुटलं, विणकरांच्या श्रेणी कधी बुडाल्या, याबद्दल दगड चकार शब्द काढत नाही. हिशोब चोख आहे, पण चोख हिशोब म्हणजे झालेला व्यवहार नव्हे.

दहावी आणि अकरावी यांच्यात आयबीने जी भिंत घातली आहे, ती इथे दिसते. आणि खरं सांगायचं तर मला ती भिंत फार आवडते.

याच डोंगरात पुढचा धडाही तयार आहे. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असं ती त्यात सांगते. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. ती आई आहे, आणि मुलगा गेल्यावर नातवाच्या कारकिर्दीत लिहिते आहे. आईने मुलाचं केलेलं कौतुक पुरावा म्हणून किती धरायचं? अकरावीच्या मुलांना हा प्रश्न लगेच कळतो. रोज घरी अनुभव असतो.

मग येतं जोगलटेंभी. सिन्नर तालुक्यात गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरचं हे गाव. १९०६ साली तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा खाली आणि त्याच्यावर सातवाहनांचा चैत्य. ते नाणं भिंगाखाली धरलं की जुन्या राजाचं नाक, कानाची पाळी, ग्रीक अक्षरांचे तुटलेले काठ नव्या ठशाच्या रेघांमधून डोकावताना दिसतात. आता वाद संपतो. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. खजिना ज्याच्या हाती आला त्याने त्याच्यावर आपलं नाव मारलं. गौतमीपुत्र जिंकला हे आई सांगते म्हणून नव्हे, तर चांदीचा थर सांगतो म्हणून मानायचं. पण घराणं 'निःशेष' केलं का? त्याचं उत्तर नाण्यात नाही. इतकं बारीक कापायला शिकणं हे या अभ्यासक्रमाचं काम आहे, आणि त्यासाठी एक वेगळा विषयच आहे: 'थिअरी ऑफ नॉलेज', मुलांच्या तोंडी 'टीओके'.

या विषयाला दोन वर्षांत शंभर तास दिलेले असतात आणि लेखी परीक्षा मुळीच नसते. त्याऐवजी दोन कामं. पहिलं 'एक्झिबिशन': आयबीने ठरवून दिलेल्या ३५ प्रश्नांपैकी एक उचलायचा (चांगला पुरावा कशाला म्हणायचं, एखाद्या दाव्यावर शंका कोणत्या आधाराने घ्यायची, अशा वळणाचे हे प्रश्न आहेत) आणि खऱ्या जगातल्या तीन वस्तू मांडून ९५० शब्दांत तो उलगडायचा. दुसरं, १६०० शब्दांचा निबंध. वस्तू खरी आणि नेमकी हवी. 'नाणी' चालत नाहीत; 'जोगलटेंभीच्या साठ्यातलं हे एक नाणं' चालतं. नाशिकच्या मुलाला या बाबतीत जिनिव्हाच्या मुलाचा हेवा वाटायचं काही कारण नाही.

जिनिव्हाचं नाव सहज आलेलं नाही. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तिची एक भलतीच अडचण झाली. वरच्या वर्गात एका मुलाला फ्रान्सची परीक्षा द्यायची, दुसऱ्याला इंग्लंडची, तिसऱ्याला स्वित्झर्लंडची, चौथ्याला अमेरिकेतल्या कॉलेजांची. सहा वर्षं एका बाकावर बसलेली मुलं शेवटच्या दोन वर्षांत चार अभ्यासक्रमांत विखुरली जायची, आणि शिक्षक दोन-दोन मुलांचे वर्ग घेत बसायचे. शेवटी शिक्षकांनीच एक समाईक परीक्षा आखायला घेतली आणि १९६८ मध्ये आयबीची संस्था उभी राहिली. तिचे पहिले महासंचालक अलेक पीटरसन हे ऑक्सफर्डच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात याच गृहस्थांनी आग्नेय आशियात दोस्तांच्या बाजूने प्रचारयुद्धाचं काम केलं होतं. लोकांच्या गळी गोष्टी कशा उतरवतात हे जवळून पाहिलेल्या माणसाच्या हाताखाली घडलेल्या परीक्षेत 'हे तुला कशावरून कळलं?' हा प्रश्न मधोमध बसावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. भारतात हा अभ्यासक्रम १९७६ मध्ये कोडाईकॅनालच्या शाळेत आला. महाराष्ट्रात मुळशी खोऱ्यात पौडजवळच्या डोंगरावर १९९७ मध्ये महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं, ते फक्त या दोन वर्षांसाठीच. मिडल इयर्स मात्र बरंच धाकटं आहे, १९९४ चं.

विद्यापीठाच्या दारात मुलांची चाचणी घेणं आपल्याकडे नवं नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, आणि ती पास झालेल्या मोजक्या मुलांत निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. नंतर मॅट्रिक, इंटर, एसएससी, आणि कोठारी आयोगाने सुचवलेलं दहा अधिक दोन अधिक तीन. या सगळ्या परीक्षांचा रोख मुलाला काय काय येतं हे तपासण्याकडे राहिला. जिनिव्हाच्या मास्तरांनी त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न मांडला.

आता त्या भिंतीला मुलं कशी धडकतात ते पाहू. मिडल इयर्समध्ये प्रत्येक विषयाचे चार निकष असतात, प्रत्येकाला आठ गुण. बेरीज ३२ पैकी. २८ पासून पुढे सात, २४ ते २७ ला सहा, असं एक ते सातच्या पट्टीवर बसवतात. मुलाने चौकशी कशी केली, मांडणी कशी केली, विचार कसा केला, याला गुण. मजकूर शाळेनेच निवडलेला, तपासणारे बहुतेक वेळा वर्गातलेच शिक्षक. डिप्लोमातही पट्टी एक ते सातचीच. इथेच पालक फसतात. आकडे तेच, पण आता अभ्यासक्रम ठरलेला आहे, पेपर जगभर एकच आहे, तपासणारा कुठल्या देशात बसलाय ते माहीत नाही, आणि सातची रेषा कुठे पडणार हे प्रत्येक परीक्षेनंतर ठरतं. दहावीला सात-सात आणणारी मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीत चार घेऊन येते. बाबा मोबाइलवर भागाकार करतात: चार भागिले सात, सत्तावन्न टक्के. घरात सुतक.

हा भागाकार करू नये. सहा विषयांचे प्रत्येकी सात म्हणजे ४२, टीओके आणि दीर्घ निबंध मिळून जास्तीत जास्त तीन, एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात, शिवाय इतर काही अटी. जगभरची सरासरी तिशीच्या आसपास राहते. म्हणजे सहाही विषयांत पाच-पाच आणणारं मूल जगाच्या सरासरीत आरामात बसतं. आपल्या बोर्डाच्या पंचाण्णव टक्क्यांच्या चष्म्यातून ही पट्टी वाचताच येत नाही.

तरीही चार हा चारच असतो, आणि शिक्षक 'होतं असं' म्हणून हसतात तेव्हा पालकांना वाटतं की हे आपल्याला गुंडाळताहेत. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला मात्र हे पटकन समजेल. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. माल दिसतो तो गोडी छाटणीनंतर. पण घड आत धरतो तो खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या आत. वरून बघणाऱ्याला नुसती हिरवी काडी दिसते. त्या दिवसांत बागेची हेळसांड झाली तर ऑक्टोबरनंतर कितीही फवारण्या करा, घड येत नाही. आणि डोळ्यात घड असला तरी गोडी छाटणीनंतर पहिले काही दिवस झाड नुसतं बोडकं दिसतं. अकरावीचा पहिला चार हा त्या दिवसांतला. ज्याला मिडल इयर्समध्ये शंका विचारायची सवय लागली त्याच्या डोळ्यात घड आहे. ज्याला फक्त सुंदर सादरीकरणाची सवय लागली, त्याचं मात्र काही खरं नाही.

विषय निवडणं हा दुसरा खटाटोप. मिडल इयर्सचे आठ विषयगट अकरावीत सहा होतात: मातृभाषेसारखी येणारी एक भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी एक भाषा, समाजशास्त्रांपैकी एक, विज्ञानांपैकी एक, गणित, आणि कला किंवा कलेऐवजी वरच्या गटांतला आणखी एक विषय. त्यातले साधारण तीन 'हायर लेव्हल', प्रत्येकी २४० तास. तीन 'स्टँडर्ड', १५० तासांचे. गणितातही दोन वाटा, एक शुद्ध बाजूची, एक उपयोजनाची. सोळा वर्षांच्या मुलाने इतिहास किंवा अर्थशास्त्र सोडायचं नाही, आणि साहित्याकडे वळणाऱ्याने विज्ञान टाकायचं नाही, असा आग्रह. आपल्याकडे अकरावीला सायन्स घेतलं की बऱ्याच जणांचा मराठी निबंधाशी शेवटचा रामराम, त्याच्या नेमकं उलट.

कॅनडा कॉर्नरच्या क्लासवाल्यांच्या भाषेत मात्र पहिला सवाल एकच असतो: नीटचं काय? सरळ सांगतो. नीटला भौतिक, रसायन आणि जीव तिन्ही लागतात. डिप्लोमाच्या साच्यात दोन विज्ञानं सुखाने बसतात. तिसरं घ्यायचं तर समाजशास्त्राचा गट सोडावा लागतो आणि त्यासाठी विद्यापीठाच्या अटीचं कारण देऊन आधी परवानगी काढावी लागते. ती मिळते, पण परीक्षा एनसीईआरटीच्या वळणाची, अभ्यास आयबीच्या वळणाचा, आणि मूल एकच. डॉक्टर व्हायचं पक्कं असेल तर निश्चिंत मनाने ज्युनिअर कॉलेजात जावं. इंजिनिअरिंगचं गणित त्यामानाने जुळतं. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज आयबी डिप्लोमाला बारावीच्या तोडीचा मानते, त्यामुळे दार बंद नाही. पण मे महिन्यात परीक्षा आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तोवर इथल्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. शिवाय फी. वर्षाला काही लाख मोजायची तयारी लागते, आणि ती ज्यांची नाही अशी हुशार मुलं या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यात आहेत, हे विसरून या अभ्यासक्रमाचं कौतुक करता येत नाही.

आणखी एक, पाटीबद्दल. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द स्वस्तात मिळतो. आत सीबीएसई असू शकतं, केंब्रिज असू शकतं. केंब्रिजची ए लेव्हल ही वेगळी वाट आहे, तीन-चार विषय पण खोल. आयबी प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी मान्यता देते. मिडल इयर्स असलेल्या शाळेत डिप्लोमा असेलच असं नाही. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकलं की दोन मिनिटांत समजतं.

सगळ्यात जास्त मी थक्क होतो ते 'एक्स्टेंडेड एसे'ने, म्हणजे वर आलेल्या दीर्घ निबंधाने. मुलं त्याला 'ईई' म्हणतात. चार हजार शब्दांची मर्यादा, विषय आपला, प्रश्न आपला. एक मार्गदर्शक असतो, पण दोन वर्षांत मिळून तीन ते पाच तास द्यायचे. पूर्ण झालेला कच्चा खर्डा त्याने एकदाच वाचून शेरे द्यायचे, पेन चालवायचा नाही. सतरा वर्षांच्या पोराला एम.ए.च्या प्रबंधाची छोटी आवृत्ती एकट्याने करायला लावतात.

कसं ते कांद्यावरून पाहू. समजा लासलगावकडचा एक मुलगा अर्थशास्त्रात ईई करायचं ठरवतो. पहिला प्रश्न घेऊन येतो: कांद्याचे भाव का पडतात? मार्गदर्शक कागद परत देतो. यावर पुस्तकं होतील, चार हजार शब्द नाही. दुसऱ्या वेळी: सरकारच्या धोरणाचा कांद्यावर काय परिणाम होतो? पुन्हा परत. कुठलं धोरण, कधीचं, कुठल्या बाजारात? मग मुलगा खाली बसून तारखा काढतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. आता प्रश्न आकार घेतो: डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीमुळे लासलगाव बाजार समितीतला लाल कांद्याचा भाव कितपत घसरला?

'कितपत' आला आणि खरी मजा सुरू झाली. बाजार समितीचे रोजचे आकडे मिळतात: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. मुलगा आलेख काढतो. डिसेंबरात भाव धाडकन खाली. झालं, सिद्ध! मार्गदर्शक विचारतो, दर डिसेंबरात काय होतं? मुलगा आधीच्या वर्षांचे आकडे बघतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. चाळीतला उन्हाळी कांदा संपत आलेला असतो आणि खरिपाचा लाल कांदा याच सुमाराला बाजारात उतरतो. आवक वाढली की बंदी नसतानाही भाव उतरू शकतात. मग बंदीचा वाटा किती आणि मोसमाचा किती? आता त्याला आवक आणि भाव यांचं एरवीचं नातं काढावं लागतं, ते डिसेंबर २०२३ ला लावून बघावं लागतं, आणि जी घसरण मोसमाने समजत नाही तेवढीच बंदीच्या खात्यावर टाकावी लागते. त्यातही पावसाचा, साठवणुकीचा, व्यापाऱ्यांच्या अंदाजाचा गोंधळ उरतो. तो लपवायचा नाही, लिहायचा. आपल्या पद्धतीला काय झेपलं नाही हे ज्याने नीट लिहिलं त्याला गुण मिळतात. घरी वडील म्हणत असतात, अरे बंदीनेच मेलो आपण, यात काय शोधायचंय? आणि पोरगं म्हणतं, मेलो हे खरंय बाबा, पण किती, ते बघतोय.

गणितातलं असं छोटं काम म्हणजे 'एक्सप्लोरेशन', त्याला वीस टक्के गुण. नाशिककरांसाठी त्याचा विषय रामकुंडावर उभाच आहे. पूर आला की आपण सेंटिमीटर विचारत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. गुडघा, कंबर, छाती. गंगापूर धरणाचा विसर्ग मात्र क्युसेकमध्ये जाहीर होतो. या दोन भाषांमधलं सूत्र काढता येईल? मिडल इयर्समधलं मूल आलेखावर बिंदू टाकून त्यातून सरळ रेषा मारेल. अकरावीतल्या मुलाला रेषा चुकते आहे हे दिसायला हवं, आणि का चुकते ते सांगता यायला हवं. नदीचं पात्र वर जाताना रुंद होतं. पाणी घाटाच्या पायऱ्या ओलांडून पसरलं की तेवढ्याच जादा विसर्गाने पातळी कमी चढते. म्हणून वक्र झुकत जातो. जलतज्ज्ञ त्याला 'रेटिंग कर्व्ह' म्हणतात. शिवाय धरण आणि रामकुंड यांच्या मधल्या नाल्यांचं पाणी क्युसेकच्या आकड्यात नसतंच. मूर्तीच्या कमरेपासून सुरू झालेला मुलगा वक्राच्या समीकरणापर्यंत पोचतो, तेही कुणी प्रकरण शिकवलं म्हणून नव्हे.

डिप्लोमात याखेरीज 'कॅस' असतं, म्हणजे सर्जनशील काम, शारीरिक उपक्रम आणि सेवा. निदान अठरा महिने चालवायचं, एकही गुण नाही, पण ते अपुरं राहिलं तर डिप्लोमाच मिळत नाही. कल्पना चांगली, व्यवहारात घाटावर झाडू घेऊन काढलेल्या फोटोंचाही सुकाळ असतो. शाळेवर अवलंबून आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

एका सोयीकडे मात्र इथल्या मराठी घरांचं लक्ष जायला हवं. डिप्लोमाच्या पहिल्या गटात भाषेचं साहित्य असतं आणि ती भाषा इंग्रजीच असावी असा नियम नाही. जिचं लिखित साहित्य पुरेसं आहे अशी भाषा नेहमीच्या यादीत नसली तरी शाळा तिच्यासाठी आगाऊ मागणी करू शकते. शिकवायला शिक्षक नसेल तरी स्टँडर्ड लेव्हलला मुलाला ती शाळेच्या देखरेखीखाली स्वतःच्या बळावर घेता येते. याला 'सेल्फ टॉट' म्हणतात. मुलगा पुस्तकं वाचतो, शाळा वेळ आणि दिशा देते, पेपर आणि तोंडी परीक्षा मातृभाषेत होते. इंग्रजी आणि मातृभाषा अशा दोन्ही साहित्याच्या गटात ठरलेले गुण मिळवले तर हाती येतो तो द्विभाषिक डिप्लोमा. म्हणजे ज्या गावात कुसुमाग्रज राहिले त्या गावातल्या मुलीला, रीतसर मागणी झाली तर, परदेशातल्या विद्यापीठात जाणाऱ्या प्रमाणपत्रावर मराठी साहित्य हा विषय नेता येतो. मुलं एकमेकांत इंग्रजीत बोलतात, शाळाही सहसा आपणहून हा विषय काढत नाही. त्यामुळे विचारायचं ते पालकांनीच. दहावी संपायच्या आत, आणि थेट डिप्लोमाच्या समन्वयकांना. कारण मागणीला मुदत असते, पुस्तकांची यादी आयबीच्या नियमांत बसवायला महिने लागतात, आणि जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर वेळापत्रकात नवा तास घुसवणं कुठल्याच शाळेला आवडत नाही.